सिमेंटचे रस्ते, रामटेकचा रविवार आणि दोन कार्बन सायकली : टीसीआर घ्यावी की डीफाय?

तीन लाखांच्या आतबाहेरची कार्बन रोड सायकल घ्यायची असे ठरले, तेव्हा बरीच शोधाशोध करून माझी निवड जायंट या एकाच कंपनीच्या दोन सायकलींवर येऊन थांबली. एक टीसीआर ॲडव्हान्स्ड २ आणि दुसरी डीफाय ॲडव्हान्स्ड २. दोन्हींची फ्रेम कार्बनची, दोन्हींना शिमानोचा १०५ हा बारा गिअरांचा संच, दोन्हींना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि दोन्हींची चाके ॲल्युमिनियमची. किमतीतही निर्णय फिरावा एवढा फरक नव्हता. माहितीपत्रकावरच्या ज्या ओळी वाचून आपण सहसा सायकल निवडतो, त्या बहुतेक सारख्याच होत्या, आणि तरीही या दोन सायकली चालवताना अगदी वेगळ्या वाटतात. हा वेगळेपणा नेमका कशामुळे येतो आणि नागपुरात राहणाऱ्या माणसाला त्यातला कितपत उपयोगी पडतो, हे समजून घेण्यात माझा दीड महिना गेला. इथले रस्ते, इथले ऊन आणि इथली अंतरे यांचा हिशेब मांडून लिहिलेले परीक्षण मला शोधूनही मिळाले नाही, म्हणून तो सगळा अनुभव इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण सायकलीचे परीक्षण करणाऱ्याचे वय, उंची आणि वजन ठाऊक नसेल तर त्याच्या मताचा वाचकाला फारसा उपयोग होत नाही. माझे वय शेहेचाळीस, उंची १७४ सेंटीमीटर आणि वजन ७६ किलो. सहा वर्षे मी पंचवीस मिलिमीटर टायरची ॲल्युमिनियमची रोड सायकल चालवली. आठवड्यातून दोनदा पहाटे सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, फुटाळा आणि गोरेवाडा असा तीसेक किलोमीटरचा फेरा आणि रविवारी कामठी, कन्हान, मनसर मार्गे रामटेक किंवा मग काटोल रस्ता, हा माझा क्रम आहे. गेल्या वर्षी दोनशे किलोमीटरची बीआरएम राइड, म्हणजे शर्यत नसलेली पण ठरावीक मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली खरी, पण सत्तर किलोमीटरनंतर दोन्ही हातांच्या करंगळ्या सुन्न पडल्या होत्या आणि मान आखडल्यामुळे शेवटच्या टप्प्यात मागचे वाहन पाहायलाही वळता येत नव्हते. पुढचे लक्ष्य तीनशे किलोमीटरचे, म्हणजे वीस तासांच्या मुदतीचे आहे. नवी सायकल मला या कामासाठी हवी होती. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेची ‘रॅम’ ही किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी वेगळीच आस्था निर्माण झाली आहे, आणि माझ्यासारखे अनेक मध्यमवयीन लोक त्या आस्थेपोटीच रस्त्यावर आले आहेत.

टीसीआर हे नाव जुने आहे. जायंट ही १९७२ मध्ये सुरू झालेली तैवानची कंपनी. १९८७ मध्ये तिने कॅडेक्स या नावाने कार्बनची सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, आणि नव्वदच्या दशकात माइक बरोज या ब्रिटिश अभियंत्याच्या कल्पनेतून ‘टोटल कॉम्पॅक्ट रोड’ म्हणजे टीसीआर तयार झाली. तोवर रोड सायकलीची वरची नळी जमिनीला समांतर असे. बरोज यांनी ती मागच्या बाजूला उतरती केली, त्यामुळे फ्रेमचा त्रिकोण लहान, हलका आणि ताठ झाला. ही उतरती नळी आज बहुतेक रोड सायकलींवर दिसते. डीफाय ही मात्र लांब पल्ल्यासाठी बनवलेली मालिका आहे. अशी जोडी जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीकडे असते. स्पेशलाइज्डकडे टारमॅक आणि रूबे आहेत. ट्रेककडे एमोंडा आणि डोमाने होत्या, त्यातली एमोंडा २०२४ मध्ये मॅडोनमध्ये विलीन झाली. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे या इतर जोड्यांमधून निवड करणाऱ्यालाही लागू पडेल.

दोन्ही फ्रेममधला खरा फरक मोजपट्टीने मोजता येतो. एकाच मापाच्या म्हणजे ‘एम’ आकाराच्या दोन सायकली शेजारी उभ्या केल्या, तर डीफायचा पुढचा भाग टीसीआरपेक्षा सुमारे दोन सेंटीमीटर उंच भरतो आणि हँडलपर्यंतची पोहोच थोडी कमी असते. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतची नळी टीसीआरवर ४०५ मिलिमीटर आहे, डीफायवर ४२०. टीसीआरच्या सध्याच्या फ्रेममध्ये ३३ मिलिमीटरपर्यंतचा टायर बसतो, डीफायमध्ये ३८ पर्यंतचा. दुकानातून निघताना टीसीआरवर २८ चे टायर असतात आणि डीफायवर ३२ चे. शेवटचा फरक सीटपोस्टचा, म्हणजे सीट ज्यावर बसवतात त्या दांड्याचा. डीफायचा सीटपोस्ट इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा, मागून सपाट असतो. धक्का बसला की तो मागच्या बाजूला किंचित लवतो, आणि त्याचे ‘डी-फ्यूज’ हे नाव त्या आकारावरूनच पडले आहे.

वजनाचा मुद्दा मी लवकर संपवतो, कारण खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त चर्चा त्याचीच होते आणि ती तितकी करण्यासारखी नाही. प्रवासाची बॅग टांगून मोजायच्या काट्यावर दोन्ही सायकली पेडलशिवाय टांगल्या, तेव्हा टीसीआर डीफायपेक्षा साधारण अर्ध्या किलोने हलकी भरली. आता हिशेब करू. मी, सायकल, पाण्याच्या दोन बाटल्या आणि दुरुस्तीची पिशवी मिळून सुमारे ८७ किलो होतात. अर्धा किलो म्हणजे त्याच्या एक टक्क्याहूनही कमी. दहा मिनिटांच्या सलग चढावर त्याने तीन-चार सेकंद वाचतील, आणि दहा मिनिटांचा सलग चढ नागपूरच्या आसपास शोधावा लागतो. सेमिनरी हिल्सचा चढ सुरू होतो न होतो तोच संपतो, रामटेकच्या गडाचा चढ तीव्र असला तरी लांब नाही. वर्षातून एकदा चिखलदऱ्याला गेलो, तरच हा अर्धा किलो जाणवेल. जागतिक सायकल महासंघाच्या शर्यतींमध्ये ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही, आणि या किमतीतल्या कोणत्याही डिस्क ब्रेकच्या सायकलीचा त्या मर्यादेशी संबंधच येत नाही. मैदानी प्रदेशात वजनापेक्षा वारा कितीतरी अधिक दमवतो. उन्हाळ्यात उशीर झालेल्या रविवारी परतीच्या वाटेवर समोरून येणारे गरम वारे ज्यांनी अंगावर घेतले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

नागपूरकराच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा सिमेंटच्या रस्त्यांचा आहे. गेल्या काही वर्षांत शहरातले बहुतेक मोठे रस्ते डांबराचे सिमेंटचे झाले. खड्डे कमी झाले हे मान्य केले पाहिजे. पण सिमेंटचा रस्ता एकसंध नसतो, तो पट्ट्यापट्ट्यांचा असतो आणि दर पट्ट्यानंतर एक आडवा सांधा येतो. घराजवळच्या रस्त्यावर मी हे अंतर पावलांनी मोजले, ते साधारण साडेचार मीटर भरले. ताशी सत्तावीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका मिनिटात साडेचारशे मीटर जाते, म्हणजे एका मिनिटात शंभर सांधे. प्रत्येक सांध्याला आधी पुढचे चाक आणि लगेच मागचे चाक असा दुहेरी ठोका बसतो, आणि तास-दीड तासाने त्या ठोक्यांचे रूपांतर मनगटातल्या मुंग्यांमध्ये होते. चारचाकीत किंवा स्कूटरवर बसणाऱ्याला हे जाणवतही नाही. सायकलस्वाराला मात्र जाणवते, कारण त्याच्याकडे टायरमधली हवा, फ्रेमची लवचिकता आणि स्वतःचे कोपर यांखेरीज कोणतेही सस्पेन्शन नसते.

दोन्ही सायकली मला एकाच शनिवार-रविवारी घरी ठेवता आल्या, हे माझे भाग्य. टीसीआर आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राची होती आणि डीफाय दुकानाने अनामत रक्कम ठेवून दोन दिवसांसाठी दिली होती. शनिवारी सकाळी दोन्ही सायकली मी दोन किलोमीटरच्या त्याच सिमेंट रस्त्यावर प्रत्येकी तीन फेऱ्या चालवल्या. टीसीआरच्या २८ च्या टायरमध्ये ७५ पीएसआय हवा होती, डीफायच्या ३२ च्या टायरमध्ये ५५. पहिल्याच फेरीत फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग तिथेच थांबवावा असे वाटले. टीसीआरवर प्रत्येक सांधा वेगळा मोजता येत होता, डीफायवर ते सगळे मिळून एक दूरचा, बोथट नाद होत होता. फ्रेम चांगली म्हणतात ती हीच, असा निष्कर्ष काढून मी मोकळा होणार होतो.

पण हा निष्कर्ष उतावळा ठरला असता, कारण इथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या, फ्रेम आणि टायर. म्हणून दुपारी अंगणात दोन्ही सायकली उलट्या करून मी चाकांची अदलाबदल केली. दोन्हींचे ॲक्सल सारखे, डिस्कचे आकार सारखे आणि कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचे संच, शिमानोचेच, त्यामुळे ब्रेकचे कॅलिपर थोडे मध्यावर आणण्यापलीकडे काही करावे लागले नाही. ३२ चा टायर टीसीआरच्या फ्रेममध्ये बसला. दोन्ही बाजूंनी किती जागा राहते हे पाहण्यासाठी चार मिलिमीटरची ॲलन की सरकवून पाहिली, ती कुठेही न अडकता फिरली. संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता आणि पुन्हा तीनच फेऱ्या. आता ३२ च्या टायरवरची टीसीआर सकाळच्या डीफायच्या बरीच जवळ आली होती आणि २८ च्या टायरवरची डीफाय मनगटांना सकाळच्या टीसीआरसारखीच कळत होती. माझ्या अंदाजाने सकाळी जाणवलेल्या फरकापैकी निम्म्याहून अधिक फरक टायरचा आणि त्यातल्या हवेचा होता. जो उरला तो मुख्यतः सीटखाली होता. मागच्या चाकाचा ठोका डीफायवर पाठीपर्यंत पोहोचत नव्हता, आणि तो त्या लवणाऱ्या सीटपोस्टचा आणि लांब मागच्या नळ्यांचा गुण मानला पाहिजे.

हा प्रयोग मला इतका मोलाचा वाटतो की सायकल बदलण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी आपल्या जुन्या सायकलीवर करावा अशी माझी विनंती आहे. फ्रेममध्ये बसेल तेवढा रुंद टायर घ्यावा, हवा कमी करावी आणि महिनाभर चालवून पाहावे. रुंद टायर म्हणजे मंद टायर ही समजूत आता मागे पडली आहे. खडबडीत पृष्ठभागावर कडक टायर उसळतो आणि प्रत्येक उसळीत थोडी शक्ती वाया जाते, त्यामुळे सिमेंटच्या सांध्यांवर ३२ चा टायर मला हळू तर वाटला नाहीच, उलट तासाभराने पाय अधिक ताजे राहिले. पाचसहा हजारांच्या टायरने ज्याचे काम होणार असेल, त्याने तीन लाख खर्च करण्याची घाई करू नये.

मग मी घाई का केली, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रविवारच्या रामटेकच्या राइडमध्ये आहे. त्या रविवारी डीफाय आणि पुढच्या रविवारी मित्राच्या परवानगीने तोच रस्ता टीसीआरवर, अशा शंभर-शंभर किलोमीटरच्या दोन राइड मी केल्या. दोन्हींवर ३२ चेच टायर, माझीच सीट आणि माझेच पेडल. सीटची उंची मिलिमीटरपर्यंत सारखी ठेवली. राहिला तो केवळ हँडलच्या उंचीचा प्रश्न. गवंडी वापरतात तशी लेव्हलपट्टी सीटवर आडवी ठेवून मी हँडल किती खाली आहे ते मोजले. डीफायवर एक सेंटीमीटर स्पेसर (हँडल उंच करणाऱ्या चकत्या) ठेवल्यावर हँडल सीटपेक्षा पाच सेंटीमीटर खाली आले, आणि माझ्या पाठीला पाच सेंटीमीटर मानवतात हे मला जुन्या सायकलीवरच्या त्रासातून ठाऊक झाले होते. तीच उंची टीसीआरवर आणायची तर स्टेमखाली, म्हणजे हँडल धरणाऱ्या आडव्या तुकड्याखाली, तीन सेंटीमीटर स्पेसर रचावे लागतात. मित्राच्या सायकलीवर एकच सेंटीमीटर होता, म्हणजे मला हँडल सात सेंटीमीटर खाली मिळाले.

पहिल्या तासात टीसीआर अधिक आवडली हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. कामठीच्या पुढे उड्डाणपुलावर उभे राहून पेडल मारले की ती जणू पायाखालून निसटून पुढे जाते. वळणावर नुसती नजर वळवावी आणि सायकलीने वळावे, इतकी ती तत्पर आहे. खाली वाकलेल्या स्थितीमुळे समोरचा वारा कमी लागतो, आणि ताशी तीसच्या पुढे हा फायदा खरा आहे, कारण वाऱ्याच्या एकूण विरोधातला मोठा वाटा सायकलीचा नसतो, आपल्या शरीराचा असतो. पण त्यासाठी शरीराने खाली वाकून टिकले पाहिजे. मनसर येईपर्यंत मी टिकलो. रामटेकहून परतताना, साधारण सत्तराव्या किलोमीटरला, माझे हात आपोआप हँडलच्या वरच्या सपाट भागावर आले आणि घरापर्यंत तिथेच राहिले. तिथे हात ठेवून बसले की छाती वाऱ्यासमोर उघडी पडते, म्हणजे ज्या स्थितीसाठी ती सायकल घडवली आहे त्या स्थितीत मी शेवटचे तीस किलोमीटर नव्हतोच. डीफायवर आठ दिवसांपूर्वी त्याच टप्प्यावर मी ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून, कोपर वाकवून, आरामात चालवत होतो. घड्याळ पाहिले तर परतीच्या पन्नास किलोमीटरला डीफायवर सहा मिनिटे कमी लागली होती. दोन दिवसांचा वारा सारखा नसतो, त्यामुळे या सहा मिनिटांना मी पुरावा म्हणणार नाही, पण करंगळ्या जाग्या होत्या हा मात्र माझ्यापुरता पुरावाच आहे.

गिअरांविषयी थोडक्यात. १०५ चा हा यांत्रिक बारा गिअरांचा संच शिमानोने २०२३ मध्ये आणला, आणि या किमतीत त्याहून अधिक काही मागावे असे मला वाटत नाही. केबलवर चालणारा असल्यामुळे बॅटरी चार्ज करण्याची चिंता नाही आणि आडगावी केबल तुटली तरी साध्या मेकॅनिकला ती कळते. मी चालवलेल्या डीफायला पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या होत्या, टीसीआरला ५२ आणि ३६ च्या. मागे मोठी चकती ३४ ची असेल, तर पहिल्या जोडीत सर्वांत हलका गिअर एकास एक मिळतो. गडाच्या चढावर, दोनशे किलोमीटरनंतर किंवा चिखलदऱ्याच्या घाटात तो हवा असतो. आपल्याला मिळणाऱ्या सायकलीवर नेमके कोणते दात आहेत हे घेताना मोजून घ्यावे, कारण वर्षागणिक आणि देशागणिक यात बदल होतात.

उन्हाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला भिडतो, आणि त्याचा पहिला परिणाम टायरवर होतो. पहाटे पंचवीस अंशांना भरलेली ५५ पीएसआय हवा रस्ता तापून टायर पंचेचाळीसला पोहोचला की साधारण ६० होते. म्हणून उन्हाळ्यात मी दोन-तीन पीएसआय कमीच भरतो. दुसरा परिणाम ट्यूबलेस टायरमधल्या सीलंटवर होतो. ते पाण्यासारखे पातळ असते आणि उष्णतेने आटते. हिवाळ्यात तीन-चार महिने टिकणारे सीलंट एप्रिल-मेमध्ये दीड महिन्यातच चिकट साय होऊन बसते, त्यामुळे दर महिन्याला व्हॉल्व्हमधून थोडे भरत राहणे बरे. तरीही मी ट्यूबलेसचीच शिफारस करीन, कारण आपल्या रस्त्यांच्या कडेला बाभळी आहेत. काटोल रस्त्यावर एका सकाळी माझ्या मागच्या टायरमधून तीन काटे निघाले आणि तिन्ही भोके सीलंटने आपोआप बुजली होती. उन्हामुळे कार्बनची फ्रेम मऊ पडते, ही भीती अनेकांना वाटते. त्या फ्रेममधली राळ याहून कितीतरी अधिक तापमानाला तयार होते, त्यामुळे उन्हात चालवण्याची चिंता नको. भीती बाळगायची तर पडण्याची बाळगावी. ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो, कार्बनला आतून तडा जातो आणि वरचा रंग शाबूत राहू शकतो. सायकल आपटली तर ती जागा नखाने किंवा नाण्याने टकटक करून ऐकावी. आवाज शेजारच्या भागापेक्षा बोदा आला, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुन्हा बसू नये.

देखभालीच्या बाबतीत दोन्ही सायकलींचे प्रश्न सारखेच आहेत, तेव्हा निवडीसाठी नसले तरी घेण्याआधी ते माहीत असावेत. दोन्हींमध्ये केबल आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या सांध्यातून, फ्रेममध्ये जातात. दिसायला ते सुंदर आहे, पण पावसाळ्यानंतर हेडसेटचे बेअरिंग बदलायचे झाले तर काम वाढते. म्हणून स्टेम लांब किंवा आखूड हवे असेल, तर सायकल जोडली जात असतानाच बदलून घ्यावे. दोन्हींचा क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, प्रेस-फिट पद्धतीच्या (आटे नसलेल्या, दाबून बसवलेल्या) बेअरिंगवर फिरतो, आणि या पद्धतीत धूळ शिरली की कुरकुर ऐकू येते, मग कंपनी कोणतीही असो. वर्षातून एकदा ते काढून, पुसून, ग्रीस लावून बसवणारा मेकॅनिक शहरात कोण आहे हे आधी हेरून ठेवावे. सीटपोस्टचे आकार गोल नसल्यामुळे बाजारात मिळणारा कोणताही पोस्ट त्यात चालत नाही. आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, विकत घ्यावाच. कार्बनवरचा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळणे म्हणजे तीन लाखांची फ्रेम नशिबावर सोडणे होय. सीटपोस्टला कार्बनसाठीची खरबरीत पेस्ट लावली तर कमी आवळूनही तो घसरत नाही.

दुकानांचा अनुभव संमिश्र होता. एका दुकानात ‘एम’ मापाची डीफाय नव्हती, ‘एम-एल’ होती, आणि स्टेम आखूड केले की तीच चालेल असे मला पुनःपुन्हा सांगण्यात आले. विकणाऱ्याने पायांचे माप घेतले नाही, हातांचे तर नाहीच. एक माप मोठी फ्रेम घेऊन मग सुटे भाग बदलत बसणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे, आणि साठवणीतला माल खपवण्यासाठी गिऱ्हाइकाच्या पाठीशी असा खेळ करणे मला मनापासून खटकले. दुसऱ्या दुकानाने योग्य मापाची सायकल मागवायला पाच आठवडे लावले, पण सायकल आल्यावर मला तासभर बसवून सीट, क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) आणि हँडल जुळवून दिले. मी त्यांच्याकडूनच घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या दरपत्रकावरून कोणी किंमत सांगत असेल तर बिलावरचा कर नीट पाहून घ्यावा. बिल आणि फ्रेमचा क्रमांक जपून ठेवावा, कारण फ्रेमची वॉरंटी मूळ मालकालाच मिळते.

मी डीफाय घेतली हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. पण आमच्या ग्रुपमधल्या एकोणतीस वर्षांच्या एका मुलीने याच काळात टीसीआर घेतली आणि तिच्या दृष्टीने ती अगदी योग्य आहे. ती पहाटे साठ किलोमीटरचे अंतर वेगात कापते, शनिवारी आउटर रिंग रोडवर मुलांबरोबर आळीपाळीने पुढे राहून वारा कापते, आणि तिची पाठ इतकी लवचिक आहे की एकाही स्पेसरविना ती तीन तास खालच्या हँडलवर राहू शकते. तिला डीफायवर बसवून पाहिले, तर म्हणाली, “काका, यावर मी उभी असल्यासारखी वाटते.” तिने मात्र माझे ऐकून २८ चे टायर काढून ३० चे लावले आहेत.

माझ्या डीफायवर आता चौदाशे किलोमीटर झाले. सुरुवातीला तिचे संथ वळणे मला सेमिनरी हिल्सच्या उतारावर जाणवले, पुढे सवय झाली. हँडलखालचा तो एक सेंटीमीटर स्पेसर गेल्या आठवड्यात निम्मा केला आणि अजून मानेची तक्रार नाही. मागच्या टायरच्या मध्यावर सिमेंटने घासून सपाट पट्टा पडू लागला आहे. तो बदलताना यावेळी ३५ चा लावून पाहणार आहे, कारण फ्रेममध्ये जागा आहे आणि जानेवारीतल्या तीनशे किलोमीटरच्या राइडला अजून सात आठवडे आहेत.